खाशाबा जाधव: गुगल डूडलमागचा पैलवान

१५ जानेवारी २०२३ला तुम्ही गुगल उघडलं असेल, तर नेहमीच्या लोगोच्या जागी एक पैलवान दिसला असेल. बऱ्याच जणांनी त्यावर क्लिक केलं, नाव वाचलं आणि पुढे आपलं काम सुरू केलं. डूडल म्हणजे एका दिवसापुरता बदललेला लोगो. पण हा माणूस कोण होता आणि त्याला हा मान कधी मिळायला हवा होता, ते आज बघूया.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ला कराडजवळच्या गोळेश्वर गावात झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यामुळे घरातच तालीम मिळाली. शाळा कराडला झाली आणि पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कुस्ती मात्र सगळी लाल मातीतली. मातीत हिशोब सोपा असतो. समोरच्याला चितपट केलं की कुस्ती संपली.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे खाशाबांना मॅटवर खेळावं लागलं. मॅटवर पाय वेगळा पडतो, वेळ मोजली जाते, आणि चितपट झाली नाही तर पंच निकाल देतात. म्हणजे गेम तोच, पण रूलबुक दुसरं. अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी त्यांना थोडं मार्गदर्शन केलं आणि फ्लायवेट गटात ते सहावे आले.

स्वतंत्र भारताचं ते पहिलं ऑलिंपिक. कोरियाही उन्हाळी ऑलिंपिकमध्ये तिथे पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने उतरला होता. याचं महत्त्व कळायला १२ वर्षं मागे, १९३६च्या बर्लिनला जावं लागतं. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्याच बर्लिनमध्ये सोन की-जोंग या कोरियन धावपटूने मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं. पण कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता, त्यामुळे त्यांच्या छातीवर जपानचा झेंडा होता. ऑलिंपिकच्या अधिकृत निकालात ते पदक आजही जपानच्या खात्यावर आहे. अशा काळानंतर आपल्याच देशाच्या नावाने खेळायला मिळणं ही साधी गोष्ट नव्हती.

१९५२ला हेलसिंकीला जायचं होतं, पण पैसे नव्हते. निवडीतही डावललं गेल्याची त्यांची तक्रार होती. ती पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेली, पुन्हा कुस्ती झाली आणि खाशाबा जिंकले. मग गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले.

आता हेलसिंकीचं गणित समजून घ्या. तेव्हा एक कुस्ती हरलं की लगेच बाहेर, असं नव्हतं. दंडगुणांची पद्धत होती. कसे हरलात किंवा कसे जिंकलात त्यावर दंडगुण चढायचे आणि मर्यादा ओलांडली की स्पर्धा संपायची. बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. पुढे जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती ते हरले. नियमाने मध्ये विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यासाठी भांडायला तिथे आपला कोणी अधिकारी हजर नव्हता. दमलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभं राहावं लागलं. ती कुस्तीही गेली. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं.

परत आल्यावर कराड स्टेशनवर शंभरहून जास्त बैलगाड्या स्वागताला होत्या. त्यानंतर खाशाबांनी पहिलं काम काय केलं असेल? कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या, पैसे उभे केले आणि खर्डेकर सरांचं घर सोडवलं.

१९५५ला ते मुंबई पोलिसांत सब-इन्स्पेक्टर झाले आणि असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर मात्र पेन्शनसाठी झगडावं लागलं. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावण्याचा मान मिळाला, पण हयातीत ना अर्जुन पुरस्कार मिळाला, ना पद्म. १४ ऑगस्ट १९८४ला रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार आला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. दिल्लीतल्या कुस्ती संकुलाला त्यांचं नाव मिळालं २०१०मध्ये.

तिकडे सोन की-जोंग यांच्या बाबतीत निकालाची नोंद आजही चुकीच्या देशाखाली आहे, पण १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये ७६ वर्षांच्या सोन यांनीच मशाल स्टेडियममध्ये आणली. सगळं जग बघत होतं. आपल्याकडे उलट झालं. खाशाबांची नोंद पहिल्या दिवसापासून बरोबर होती: नाव, देश, वजनगट, पदक, सगळं. तरी माणूस मागेच राहिला. डेटाबेसमधली एक ओळ कितीही अचूक असली तरी ती आपोआप कोणाला पेन्शन देत नाही. ती ओळ उघडून वाचणारा आणि त्यावर काहीतरी करणारा माणूस लागतो, आणि तोही वेळेवर.

२०२४ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकलं, तेव्हा ७२ वर्षांनी खाशाबांचं नाव पुन्हा सगळीकडे आलं. आपल्या अकोला-अमरावतीच्या तालमीत आणि मैदानांवरही असे जुने खेळाडू आहेत, ज्यांची प्रमाणपत्रं पेटीत पडून आहेत. त्यांची परवानगी घेऊन ती स्कॅन करा, जुन्या पेपरातल्या बातम्या शोधा, तारखा लिहून ठेवा. भक्कम संदर्भ सापडले तर मराठी विकिपीडियावर लेखही होऊ शकतो. मोबाइलवर तासाभराचं काम आहे. तो माणूस आहे तोवर केलेलं बरं.