नियोजनाचे आद्य शिल्पकार : मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

भारताची पहिली पंचवार्षिक योजना १९५१ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी सतरा वर्षे एका अभियंत्याने देशासाठी दहा वर्षांच्या योजनेचा आराखडा ग्रंथरूपाने मांडला होता. ते होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

कर्नाटकातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळकरी वयातच वडिलांचे छत्र हरपले. बंगळूरमध्ये शिकवण्या करून त्यांनी पदवी मिळवली व पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सेवेत रुजू झाले. पाण्याची पातळी वाढताच आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी तयार केले. ते १९०३ मध्ये खडकवासला धरणावर बसवण्यात आले.

१९१२ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे दिवाण झाले. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची निर्यात थांबली, तेव्हा चंदनतेल व साबण यांचे कारखाने संस्थानातच उभे राहिले. भांडवलासाठी १९१३ मध्ये बँक, तर तंत्रज्ञ घडवण्यासाठी १९१७ मध्ये बंगळूरला अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले.

सर्वच कामे सुरळीत झाली नाहीत. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना १९२३ मध्ये सुरू झाला. परंतु लोखंडाचे भाव उतरल्याने तो तोट्यात गेला व त्यावर टीका झाली. दिवाणपद सोडलेल्या विश्वेश्वरय्यांनी त्याची जबाबदारी स्वीकारून कारभाराला शिस्त लावली. या कामाचे मानधन त्यांनी बंगळूरमधील तंत्रशिक्षण संस्थेसाठी दिले.

१९३४ च्या आराखड्यामागे हाच अनुभव होता. बहुसंख्य लोक केवळ शेतीवर अवलंबून असल्याने देश दरिद्री आहे, असे त्यांचे मत होते. उद्योग वाढवून दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करावे, असे उद्दिष्ट त्यांनी ठेवले. त्या काळी सोव्हिएत रशियात उद्योग सरकारी मालकीचे करून योजना राबवली जात होती. विश्वेश्वरय्यांनी नियोजनाचे महत्त्व मानले; मात्र खाजगी उद्योगांनाही त्यात स्थान दिले.

स्वतंत्र भारताने नियोजनाचा मार्ग स्वीकारताना मूलभूत उद्योगांत सरकारी क्षेत्राला अग्रस्थान दिले. बंगळूरमध्ये १९४८ मध्ये दूरध्वनी यंत्रांचा, तर १९५३ मध्ये यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. वीज आणि शिक्षित तंत्रज्ञ या शहरात आधीपासूनच होते.

१९५५ मध्ये विश्वेश्वरय्यांना 'भारतरत्न' देऊन गौरवण्यात आले. १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशात अभियंता दिन म्हणून साजरा होतो.