बुद्धाला मराठीत आणणारे धर्मानंद

बौद्ध धर्म भारतात जन्मला, श्रीलंका, ब्रह्मदेश, तिबेट, चीन, जपानपर्यंत पोहोचला. मात्र जन्मभूमीतच तो जवळजवळ विस्मृतीत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सामान्य मराठी वाचकाला बुद्ध ठाऊक होता तो बहुधा विष्णूचा नववा अवतार म्हणूनच. त्या काळात गोव्यातील एका अर्धशिक्षित तरुणाने या धर्माचा मूळ शोध घेण्याचे ठरवले आणि त्यासाठी घरादाराची किंमत मोजली. हा तरुण म्हणजे धर्मानंद दामोदर कोसंबी.

9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची, प्रकृती नाजूक आणि शालेय शिक्षण अगदी तुटपुंजे. लहान वयातच बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. नारळाच्या बागायतीची देखभाल करीत आयुष्य कंठावे, असाच मार्ग समोर होता. मात्र 'बालबोध' या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्रपर लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्यांच्या मनाने निराळीच दिशा धरली. 1899च्या अखेरीस, मुलगी माणिक तान्ही असताना, त्यांनी घर सोडले. आपण गेल्यावर पत्नीच्या वाट्याला काय येईल, याची जाणीव त्यांना होती. ही बोच पुढे 'निवेदन' या आत्मचरित्रातही त्यांनी लपवलेली नाही.

प्रथम ते पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. संस्कृत शिकण्यासाठी ग्वाल्हेरमार्गे ते काशीस पोहोचले. अन्नछत्रात जेवून त्यांनी अध्ययन केले. 1902मध्ये नेपाळची खडतर वाट तुडवली. परंतु तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून त्यांची निराशा झाली. तेथून बोधगया, कोलकाता आणि अखेर श्रीलंका असा प्रवास घडला. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी पालीचा अभ्यास केला आणि श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशात ते भिक्षू झाले. गोव्यातून निघताना ज्या ग्रंथांची नावेही त्यांना माहीत नव्हती, ते आता ते मुळातून वाचत होते.

1906मध्ये ते कोलकात्यास परतले, तेव्हा त्यांच्या विद्वत्तेला मागणी होती. भिक्षूवेष सोडून ते पुन्हा गृहस्थाश्रमी झाले. कोलकाता विद्यापीठात पालीचे अध्यापन करताना चांगले वेतन मिळू लागले. पण हे ज्ञान आपल्या लोकांपर्यंत पोहोचले नाही तर एवढ्या पायपिटीचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा 50 रुपये देऊ केले. महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाकाठी एक ग्रंथ लिहून द्यावा, एवढीच अट होती. धर्मानंदांनी मोठ्या पगारावर पाणी सोडले.

याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठाकडून बोलावणे आले. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे काम वॉरन यांच्या निधनाने अपुरे राहिले होते. ते पुरे करण्यासाठी धर्मानंद 1910मध्ये अमेरिकेस गेले. मात्र संपादनाचे श्रेय कोणाचे, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि 1912मध्ये ते परतले. या कामासाठी पुढेही त्यांनी अमेरिकेच्या वाऱ्या केल्या. तरीही हार्वर्डची आवृत्ती निघाली ती 1950मध्ये. ती पाहण्यास धर्मानंद हयात नव्हते.

अमेरिकेहून परतल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांच्यासारखे अभ्यासक त्यांच्या शिकवणुकीतून घडले. त्यानंतर अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ आणि रशियातील लेनिनग्राड येथेही त्यांनी काम केले. 1930च्या मिठाच्या सत्याग्रहात उडी घेऊन त्यांनी तुरुंगवास पत्करला. समाजवादाचे आकर्षण आणि गांधीजींची अहिंसा यांचा मेळ ते बुद्धाच्या शिकवणुकीत शोधत होते. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी उभारलेला 'बहुजन विहार' याच विचाराचे फळ होते.

श्रद्धेपेक्षा पुरावा मोठा, ही त्यांची शिस्त होती. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही लोकप्रिय कथा 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी नाकारली. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे त्यांनी लक्ष वेधले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागामागे हाच तंटा आहे. प्राचीन काळी जैन श्रमणही मांसाहार करीत, या धर्मानंदांच्या प्रतिपादनाने मात्र जैन समाजात रोष उसळला. त्यांनी माघार घेतली नाही.

असे असूनही आयुष्याचा शेवट त्यांनी निवडला तो जैन परंपरेतील सल्लेखनेसारखा. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माविषयी त्यांना नितांत आदर होता. शरीर थकले, त्याचा कोणास उपयोग उरला नाही, असे वाटल्यावर त्यांनी अन्नत्याग आरंभला. गांधीजींच्या आग्रहाखातर तो एकदा सोडला. परंतु निश्चय ढळला नाही. अखेर सेवाग्राम येथे सुमारे महिनाभराच्या उपवासानंतर 4 जून 1947 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. ख्यातनाम गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे पुत्र.

त्यानंतर नऊ वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपुरात लाखोंनी डॉ. आंबेडकरांसमवेत बौद्ध धम्म स्वीकारला. ती क्रांती धर्मानंदांची नव्हे. तिची मुळे वेगळ्या वेदनेत होती. पण त्या दिवसानंतर ज्यांना बुद्धाविषयी मराठीत वाचायचे होते, त्यांच्यासाठी मूळ पाली ग्रंथांवर आधारलेली पुस्तके तयार होती. घर सोडताना गोव्यातील त्या तरुणाने जी शिदोरी शोधायची ठरवली होती, ती त्याने आपल्या भाषेच्या स्वाधीन केली होती.