बीडची राजधानी हैदराबाद होती, तेव्हा तिथल्या एका शाळामास्तरने भारताला फुटबॉल शिकवला

आज बीडच्या माणसाला राजधानी म्हटलं की मुंबई आठवते. पण १९५६ पर्यंत चित्र वेगळं होतं. बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता, अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं आणि सरकारी काम म्हटलं की हैदराबादची वाट धरावी लागायची. मराठवाड्यातल्या पोरांना पुढचं शिक्षण घ्यायचं तर जवळचं मोठं ठिकाण म्हणजे १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ.

याच उस्मानियाच्या मैदानावर एक पोरगा फुटबॉल खेळायचा. पुढे भारतीय फुटबॉलचा सगळ्यात यशस्वी प्रशिक्षक म्हणून त्याचं नाव झालं.

सय्यद अब्दुल रहीम. सगळं हैदराबाद त्यांना रहीमसाब म्हणायचं. २०२४ मध्ये अजय देवगणचा 'मैदान' सिनेमा आला तो त्यांच्यावरच.

रहीम यांचा जन्म १९०९ चा, हैदराबादचा. विद्यापीठाकडून आणि शहरातल्या क्लबांकडून ते खेळले. पण खेळाडू म्हणून त्यांचं नाव हैदराबादच्या बाहेर फारसं गेलं नाही. पोटापाण्यासाठी त्यांनी शाळेत मास्तरकी धरली. संध्याकाळी मैदान आणि दिवसा फळा, असा तो काळ.

इथंच खरी गोष्ट सुरू होते. त्या काळी आपल्याकडे प्रशिक्षक नावाचा प्रकार फारसा कुणी गंभीरपणे घेत नव्हतं. संघ गोळा करायचा, बॉल द्यायचा आणि ज्याच्या पायात कला आहे त्याने चार जणांना चकवून गोल मारायचा, हीच पद्धत. रहीम यांनी मात्र फुटबॉलकडे मास्तराच्या नजरेनं पाहिलं. गणिताचा पाया कच्चा असलेल्या पोराला जसं पाढ्यांपासून सुरू करायला लावतात, तसं.

१९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी झाले. मग त्यांनी स्पर्धांचेच नियम बदलले. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी. बॉल आला की लगेच पास द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेत फक्त कमजोर पाय वापरायचा. म्हणजे उजव्या पायानं खेळणाऱ्यानं डाव्यानंच खेळायचं. लोकांना गंमत वाटली असेल, पण यातून दोन्ही पायांनी खेळणारी आणि डोकं वर ठेवून पास देणारी पोरं तयार झाली.

१९४८ च्या सप्टेंबरमध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाची सत्ता संपली. पुढे १९५० मध्ये रहीम हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले.

तेव्हा भारतीय फुटबॉल म्हणजे कलकत्ता, असं समीकरण होतं. या संघानं ते हलवलं. मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स कप व्हायचा. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हा कप हैदराबादला गेला.

तिकडे रहीम यांच्याकडे भारतीय संघही आला. १९५१ मध्ये दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले. फायनलमध्ये भारतानं इराणला १-० नं हरवून गोल्ड जिंकलं.

पण पुढच्याच वर्षी दणका बसला. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं भारताला १०-१ असं धुतलं. भारताचे बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले.

रहीम यांनी हा पराभव नुसता बुटांवर ढकलला नाही. जग कसं खेळतंय हे ते बघत राहिले. १९५३ मध्ये हंगेरीनं इंग्लंडला वेम्बलीवर ६-३ नं हरवलं. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड पुढे उभा न राहता मागे येऊन खेळत होता, त्यामुळे त्याला कुणी धरायचं हेच इंग्लंडला कळेना. रहीम यांनी ही चाल उचलली आणि आपल्या खेळाडूंना बसवून शिकवली.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. बीडसह मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी रहीम यांचा संघ मेलबर्न ऑलिंपिकमध्ये उतरला होता. तिथं भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवलं. मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं हॅटट्रिक मारली. भारत सेमीफायनलला पोहोचला. तिथं पोहोचणारा तो आशियातला पहिला देश. पदक हुकलं, चौथा नंबर आला. पण ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारत याच्या पुढे आजवर गेलेला नाही.

रहीम नुसते डावपेच शिकवत नव्हते, माणूसही हेरायचे. सिकंदराबादजवळच्या तुलसीदास बलराम या गरीब घरातल्या पोराला सरावाला यायला पैसे नव्हते. रहीम यांनी त्याला भाड्याची सायकल घ्यायला सांगितली आणि भाडं स्वतः दिलं. हाच बलराम पुढे चुनी गोस्वामी आणि पी. के. बॅनर्जी यांच्या जोडीनं देशाचा मोठा फॉरवर्ड झाला.

मग आलं १९६२. जकार्ताचे आशियाई खेळ. तोपर्यंत रहीम यांना फुप्फुसाच्या कॅन्सरनं गाठलं होतं. तरी ते संघासोबत गेले.

पहिल्याच मॅचला दक्षिण कोरियानं २-० नं हरवलं. त्यात वातावरण तापलेलं. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना व्हिसा दिला नव्हता. त्यावर भारताचे ऑलिंपिक पदाधिकारी जी. डी. सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि जकार्तात भारताविरुद्ध संताप उसळला. जमावानं भारतीय दूतावासावर हल्ला केला.

संघातही अडचणी होत्या. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला थायलंडविरुद्ध मार लागून टाके पडले होते. रहीम यांनी त्याला बसवलं नाही. त्यांनी त्याची जागाच बदलली आणि सेमीफायनलला त्याला सेंटर फॉरवर्ड केलं. त्यानं गोल मारला. भारत ३-२ नं जिंकला.

४ सप्टेंबरला फायनल. समोर परत दक्षिण कोरिया. सुमारे एक लाख लोक आणि जवळपास सगळे भारताच्या विरोधात. भारताच्या बाजूनं ओरडायला पाकिस्तानचे हॉकी खेळाडू होते, असं सांगितलं जातं. पी. के. बॅनर्जीनं पहिला गोल मारला, दुसरा टाके पडलेल्या जर्नेलनं. २-१. भारताला गोल्ड!

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ ला, रहीम गेले. वय होतं ५३.

चांगल्या प्रशिक्षकाला मिळणारा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू व्हायला अजून २२ वर्षं होती. आशियाई खेळांत फुटबॉलचं गोल्ड मात्र त्यानंतर भारताला एकदाही मिळालेलं नाही.

स्टार खेळाडू होणं नशिबात नसलेल्या माणसाला मैदानाबाहेरही जागा असते, हे रहीमसाबनी त्या काळात दाखवून दिलं. बीड, अंबाजोगाई, परळीच्या मैदानांवर आज पोरांना शिकवणाऱ्या पीटीच्या सरांना हा माणूस माहीत असायला हवा. शेवटी तोही एका शाळेतला मास्तरच होता.