सॉलोमन ॲश

पोलंडमधील वॉर्सा शहरी १४ सप्टेंबर १९०७ रोजी एका ज्यू कुटुंबात सॉलोमन ॲश यांचा जन्म झाला. बालपणीचा एक प्रसंग त्यांच्या मनात कायमचा कोरला गेला. वल्हांडणाच्या रात्री आजीने द्राक्षासवाचा एक पेला अधिक भरला. तो कोणासाठी, असे विचारता, प्रेषित एलिया येऊन त्यातील घोट घेतात, असे एका वडीलधाऱ्या आप्ताने सांगितले. बालक टक लावून पाहत राहिला, आणि पेल्यातील आसव किंचित उतरल्याचे त्याला खरोखरच भासले!

१९२० साली हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. इंग्रजीचा गंध नसलेला हा लाजाळू मुलगा वर्गात मुकाट बसे. डिकन्सच्या कादंबऱ्या वाचून वाचून त्याने ती भाषा आत्मसात केली. परभाषेच्या वर्गात ज्यांना बसावे लागले आहे, त्यांना या श्रमांचे मोल निराळे सांगावयास नको. १९३२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट संपादून ते अध्यापनाकडे वळले. जर्मनीतून आलेल्या वर्थायमर या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांचा त्यांच्यावर गाढ संस्कार झाला.

१९४६ सालच्या त्यांच्या निबंधात एक साधाच प्रयोग आहे. बुद्धिमान, कुशल, उद्योगी, प्रेमळ, निश्चयी, व्यवहारी आणि सावध, असे एका अपरिचिताचे सात गुण त्यांनी विद्यार्थ्यांना वाचून दाखविले. दुसऱ्या गटास हीच यादी ऐकविली. ‘प्रेमळ’ च्या जागी ‘कोरडा’ एवढाच पालट. पहिल्या गटातील शंभरांत सुमारे नव्वदांनी त्या माणसास उदार ठरविले. दुसऱ्या गटात असे दहाही निघाले नाहीत. ‘सभ्य’ च्या जागी ‘फटकळ’ घातले असता मात्र असे अंतर पडले नाही. गुणांचा नुसता क्रम उलटला तरी मत बदले. मन गुणांची बेरीज करीत नाही. ते एक अखंड चित्र रंगविते व प्रत्येक गुणाचा अर्थ त्या चित्रावरून लावते, असा ॲश यांचा निष्कर्ष होता. नव्या विद्यार्थ्याविषयी आधीच कानी आलेला एखादा शब्द काय करू शकतो, हे यावरून ध्यानी येईल.

पुढे स्वार्थमोर कॉलेजात त्यांनी रेषांच्या लांबीचे प्रयोग केले. पढविलेले सोबती एकमुखाने चुकीचे उत्तर देत, तेव्हा सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्यांच्या बाजूस झुकत. तथापि चौथाई विद्यार्थी एकदाही ढळले नाहीत. आमच्या मते याच भागाचा पुस्तकांतून अकारण विसर पडतो.

२० फेब्रुवारी १९९६ रोजी पेन्सिल्व्हेनियातील हॅव्हरफर्ड येथे त्यांचे निधन झाले.