जनरल करिअप्पा : सेनापती आणि बाप

स्मरणिकांमधून आपण संतांची, समाजसुधारकांची आणि थोर स्त्रियांची चरित्रे नेहमी वाचतो. यंदा मी एका शिपायाविषयी लिहायचे ठरवले. शिपायाचे चरित्र म्हटले की आपल्याला वाटते, त्यात लढाया आणि हुद्दे याखेरीज काय असणार? ते पुरुषांनी वाचावे. पण जनरल करिअप्पा यांच्या आयुष्यात लढाईइतकीच घराचीही गोष्ट आहे, आणि ती आपण बायकांनी वाचावी अशी आहे.

कोदंडेरा मडप्पा करिअप्पा यांचा जन्म २८ जानेवारी १८९९ रोजी कूर्गात, शनिवारसंते या गावी झाला. कूर्ग म्हणजे कर्नाटकातला डोंगराळ मुलूख. कावेरी तिथेच उगम पावते. कॉफीचे मळे, संत्री आणि वेलदोडे यांनी तो मुलूख भरलेला आहे. तिथल्या बायका साडीच्या निऱ्या पाठीमागे घेतात. आपल्याकडे दसऱ्याला शस्त्रे पुजतात, तशी तिथली माणसे आपल्या सणाला बंदुकीची पूजा करतात. अशा मुलखातले मूल फौजेत गेले यात नवल नाही. वडील महसूल खात्यात नोकरीला होते. सहा भावंडांत यांचा नंबर दुसरा. घरात त्यांना चिम्मा म्हणत.

शाळा मडिकेरीला झाली, पुढे मद्रासला प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. त्या काळी हिंदी माणूस फौजेत फार तर सुभेदारकीपर्यंत चढे, त्यावरचे हुद्दे गोऱ्या साहेबांचे. पहिले महायुद्ध संपताना ही वाट थोडी उघडली आणि निवडक तरुणांना इंदूरच्या डेली कॉलेजात शिक्षणासाठी घेतले, त्यांत करिअप्पा होते. १९१९ च्या डिसेंबरात ते अधिकारी झाले आणि पहिली नेमणूक झाली ती आपल्या मुंबईला, कर्नाटक पलटणीत. पुढे ते राजपूत पलटणीचे झाले. १९३३ साली क्वेट्ट्याच्या स्टाफ कॉलेजात ते गेले आणि १९४२ साली त्यांच्याकडे एका पलटणीचे आधिपत्य आले. दोन्ही गोष्टी हिंदी अधिकाऱ्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आल्या. पहिला हिंदी अधिकारी हे शब्द त्यांच्या नावामागे इतक्यांदा येतात की ते सारे मी इथे सांगत बसत नाही.

लग्न मात्र उशिरा झाले. १९३७ च्या मार्चमध्ये सिकंदराबादला मुथू माचिया यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या जंगलखात्यातल्या एका अधिकाऱ्याची मुलगी, नवऱ्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान. १९३८ च्या जानेवारीत मुलगा झाला, नंदा. पाच वर्षांनी मुलगी झाली, नलिनी. मधल्या काळात दुसरे महायुद्ध पेटले आणि करिअप्पांची नेमणूक आज इराक, उद्या सीरिया, इराण, मग ब्रह्मदेश अशी होत राहिली. १९४५ च्या सप्टेंबरात नवराबायको वेगळी झाली. कायद्याने काडीमोड झाला नाही. विचार जुळत नव्हते आणि त्यांचा सारा जीव नोकरीत अडकलेला असे. दोष कुणाचा हे आपण बाहेरच्यांनी ठरवू नये. चरित्रे नवऱ्यांची लिहिली जातात आणि मुथूबाईंच्या वाट्याला त्यात दोन ओळी येतात, एवढे मात्र मला खटकते.

तीनच वर्षांनी, १९४८ साली, त्या अपघातात गेल्या. नंदा दहा वर्षांचा, नलिनी पाच वर्षांची. आणि तेच वर्ष काश्मीरच्या लढाईचे! करिअप्पा पश्चिमेकडच्या फौजेचे प्रमुख होते. झोजी खिंड, द्रास, कारगिल ही ठाणी त्या वर्षी त्यांच्या हाताखालच्या फौजेने परत घेतली. १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल बुचर या इंग्रज सेनापतीकडून त्यांनी सगळ्या फौजेची सूत्रे घेतली. तेव्हापासून हिंदी फौजेवर हिंदी सेनापती. म्हणूनच १५ जानेवारी हा दिवस दरवर्षी सेनादिन म्हणून पाळतात.

आता दिल्लीला सेनापतीचा भला मोठा बंगला, नोकरचाकर, दारात सरकारी मोटार, आणि घरात आई नसलेली दोन मुले. एखाद्या बापाने त्यांचे लाड करून उणीव भरून काढली असती. करिअप्पांचे घर तसे नव्हते. जेवायला बसताना नीट पोशाख करून बसायचे, मग पाहुणा असो वा नसो. वेळ म्हणजे वेळ. मुले शाळेत जात ती फौजेच्या ट्रकमधून, इतर मुलांबरोबर. एकदा तो ट्रक आला नाही, म्हणून हाताखालच्या अधिकाऱ्याने सेनापतीची मोटार पाठवून मुलाला शाळेतून घरी आणले. करिअप्पांना हे कळले तेव्हा त्या अधिकाऱ्याची चांगलीच कानउघाडणी झाली आणि त्या फेरीचा खर्च त्यांनी आपल्या पगारातून सरकारात भरायला लावला. ही आठवण त्यांच्या मुलानेच सांगितली आहे. त्या अधिकाऱ्याची मला कीवच येते, बिचाऱ्याने चांगल्या मनानेच केले होते.

आझाद हिंद सेनेच्या बाबतीतही त्यांचे असेच होते. युद्धानंतर ते लोक कैदेत असताना करिअप्पांनी त्यांची छावणी पाहिली आणि त्यांचे हाल कमी करावेत म्हणून वरिष्ठांना लिहिले. पण पुढे या लोकांना फौजेत परत घ्यावे असा विषय निघाला तेव्हा त्यांनी ठाम विरोध केला. फौजेची शिस्त त्याने मोडेल असे त्यांचे म्हणणे. हा निर्णय पुष्कळांना कठोर वाटला, मलाही वाटतो. आणि गंमत अशी की जय हिंद ही त्यांचीच घोषणा करिअप्पांनी आपल्या फौजेत आणली.

हिंदी भाषा त्यांना फारशी येत नसे. एकदा जवानांच्या बायकांपुढे ते बोलायला उभे राहिले. कुटुंब लहान ठेवा, दोन मुले पुरेत, एक घरासाठी आणि एक फौजेसाठी, असे त्यांना सांगायचे होते. पण ते सांगून गेले की एक तुमच्यासाठी आणि एक माझ्यासाठी! किस्सा म्हणून सांगतात, पण मला तो खरा वाटतो. त्यांच्या स्वतःच्या घरी दोनच मुले होती, आणि त्यांतला मुलगा खरोखरच हवाई दलात वैमानिक झाला.

१९५३ च्या जानेवारीत करिअप्पा निवृत्त झाले. तीन वर्षे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला भारताचे हायकमिशनर होते. मग मडिकेरीला आपल्या रोशनारा या घरी येऊन राहिले. माजी सैनिकांसाठी त्यांनी १९६४ साली देशभराची संघटना उभी केली.

पुढच्याच वर्षी, १९६५ च्या सप्टेंबरात, पाकिस्तानशी युद्ध झाले. २२ सप्टेंबरला, अगदी शेवटच्या दिवशी, फ्लाइट लेफ्टनंट नंदा करिअप्पांचे विमान पाडले गेले. छत्री घेऊन उडी टाकली खरी, पण पाठीच्या मणक्याला जबर इजा झाली आणि ते पाकिस्तानच्या हाती पडले. वय सत्तावीस.

पाकिस्तानचे अध्यक्ष तेव्हा अयूबखान होते. फाळणीपूर्वी सरहद्दीवर बन्नू येथे ते करिअप्पांच्या हाताखाली होते. कैद्याचे नाव कळताच रेडिओवरून मुलगा जिवंत असल्याचे सांगण्यात आले, आणि दिल्लीतल्या पाकिस्तानच्या वकिलामार्फत करिअप्पांना निरोप आला, की तुमची इच्छा असेल तर मुलाला सोडून देऊ.

भगिनींनो, इथे क्षणभर थांबून प्रत्येकीने आपल्या मनाला विचारावे. घरात दुसरा मुलगा नाही, बायको नाही, स्वतःचे वय सहासष्ट, मुलगा शत्रूच्या इस्पितळात जखमी पडलेला. मागायला कुठे जायचे नाही, समोरून देऊ केलेले आहे. मी असते तर हो म्हटले असते, आणि त्याची मला लाजही वाटली नसती.

करिअप्पांनी नाही म्हणून कळवले. नंदा आता माझा एकट्याचा मुलगा राहिला नाही, तो या देशाचा शिपाई आहे, कैदेतले सगळेच माझे मुलगे आहेत, सोडायचे तर सगळ्यांना सोडा, नाहीतर सगळ्यांना सारखे आणि नीट वागवा, अशा अर्थाचे ते उत्तर होते.

पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला बापाचे काळीज दगडाचे वाटले. पण मग ती शाळेची मोटार आठवली. इतर मुले ट्रकने जात असताना आपल्या मुलाला वेगळी गाडी नको, हा त्या घरचा नियम होता. पाकिस्तानच्या कैदेत इतर आयांचीही मुले होती. त्यांच्यासाठी कुणा अध्यक्षाचा निरोप येणार नव्हता. त्यांच्यातून आपला तेवढा उचलून आणला असता तर त्या आयांना कोणत्या तोंडाने भेटायचे, हा प्रश्न करिअप्पांना पडला असेल असे मला वाटते.

अयूबखानांनीही आपल्या परीने जुनी ओळख राखली. त्यांच्या बेगम आणि थोरला मुलगा इस्पितळात नंदाला भेटून आले, सिगारेटी आणि वाचायला एक इंग्रजी विनोदी कादंबरी देऊन आले. युद्ध करणाऱ्यांच्या घरच्या बायका शत्रूच्या मुलाला भेटायला जातात, हे मला फार बरे वाटले.

नंदा सुटले ते २२ जानेवारी १९६६ रोजी, बरोबर चार महिन्यांनी. मणक्याच्या दुखापतीमुळे लढाऊ विमान सुटले, मग हेलिकॉप्टर चालवले. पुढे एअर मार्शल झाले आणि वडिलांचे चरित्रही त्यांनीच लिहिले.

करिअप्पा म्हातारपणीही स्वस्थ बसणारे नव्हते. १९७१ साली ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. त्याच वर्षीच्या युद्धात बहात्तराव्या वर्षी जवानांना धीर द्यायला आघाडीवर जाऊन आले. १९८६ साली त्यांना फील्डमार्शल हा हुद्दा मिळाला. त्यापूर्वी तो फक्त माणेकशा यांना मिळाला होता.

१५ मे १९९३ रोजी बंगलोरला त्यांचे निधन झाले, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी. दोन दिवसांनी मडिकेरीला अंत्यविधी झाला. तिन्ही दलांचे प्रमुख आले होते, फील्डमार्शल माणेकशा सलामीला उभे होते. अग्नी नंदांनी दिला.