पंडित हृदयनाथ कुंझरू

सार्वजनिक कार्याला अभ्यासाचे अधिष्ठान हवे, ही नामदार गोखल्यांची शिकवण जन्मभर आचरणारे पंडित हृदयनाथ कुंझरू (१८८७–१९७८) हे काश्मिरी पंडित कुळातील. १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९३६ पासून अखेरपर्यंत त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. सेवेचे हेच व्रत त्यांनी विद्येच्या क्षेत्रातही चालविले. जागतिक घडामोडींच्या अभ्यासासाठी १९४३ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स’ या विद्वत्संस्थेची धुरा त्यांनी १९४८ पासून दीर्घकाळ वाहिली. तिच्याच आश्रयाने १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय संबंधांच्या उच्च अध्ययनाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. पुढे ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. परराष्ट्रनीतीवर बोलण्यापूर्वी ती अभ्यासावी, ही शिस्त त्यातून रुजली. पदव्यांचा मोह मात्र त्यांना कधीच शिवला नाही. प्रजासत्ताकात अशा उपाधी नसाव्यात, या भूमिकेपायी त्यांनी भारतरत्नही नाकारले. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ मध्ये उभी राहिली, ती त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून. गोरखपूरच्या मैदानावर खाकी गणवेशात संचलन करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यावर म्हणूनच त्यांचे ऋण आहे.