उरुळीचे मणिभाई आणि आपल्या दारची गाय

पहाटे देवळाली कॅम्पात दुधाचे कॅन घेऊन जाणाऱ्या मोटारसायकली तुम्ही रोज बघता. भगूर, लहवित, नाणेगावकडच्या कित्येक घरांत धार काढणारा हात आणि कॅन पोचवणारा हात एकाच माणसाचा असतो. लष्कराच्या छावण्यांना दूध पुरवायचं म्हणून इंग्रजांनी १८८९ साली अलाहाबादला पहिला लष्करी गोठा काढला. पुढे असे गोठे देशभर झाले, तिथं परदेशी वळूंचा संकरही झाला. पण तो सरकारी तिजोरीवरचा गोठा. वैरण सरकारची, डॉक्टर सरकारचा. हे गोठे बंद करायचं २०१७ साली ठरलं. संकरित गाय दोन-अडीच एकरवाल्याच्या छपरात आणायचा खटाटोप ज्यांनी केला, त्या मणिभाई देसाईंची ही हकीकत आहे.

मणिभाई आपल्याकडचे नव्हेत. २७ एप्रिल १९२० ला सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावी त्यांचा जन्म झाला. विज्ञान शिकलेला मुलगा, मनात आणलं असतं तर चांगल्या पगाराला लागला असता. पण ४२ च्या चळवळीत पडले आणि पुढं थेट सेवाग्रामला गांधीजींकडे गेले. मार्च १९४६ मध्ये गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला आठवडाभर राहिले. गोरगरिबांना परवडेल असं निसर्गोपचार केंद्र खेड्यातच हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. गावच्या महादेव तात्याबा कांचन यांनी जमीन दिली. विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा आश्रमात होते. तरणे मणिभाई तिथं नेमले गेले, आणि सारा जन्म याच गावात काढीन असा शब्द त्यांनी गांधीजींना दिला. लग्न केलं नाही. दिलेला शब्द मात्र सत्तेचाळीस वर्षं पाळला.

आता बघा, गुजरातचा पदवीधर, मराठी मुलूख नवा, जमीन माळरान. रोग्यांना माती-पाण्याचे उपचार देऊन भागेना, कारण निम्मं दुखणं पोटात अन्न नसल्याचं. म्हणून मणिभाई शेतीकडे वळले, शाळा काढली, पुढं थेऊरच्या यशवंत सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतही पडले. पण त्यांचा जीव रमला तो गोठ्यात. त्यांनी गीर गाई आणल्या. कोणती कालवड ठेवायची, कोणता खोंड काढायचा, कोणत्या गाईनं कितव्या वेताला किती दूध दिलं, याची वही ठेवली. वासराला चीक वेळेवर पाजणं, भाकड काळातही गाईला उपाशी न ठेवणं, ओला-सुका चारा मिसळून घालणं, या साध्या गोष्टी. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना त्या ठाऊक असतातच, फक्त वही कुणी ठेवत नाही. (आजही आपल्याकडं दहातल्या किती गोठ्यांत वेताची तारीख भिंतीवर तरी लिहिलेली सापडेल? मोजून बघा.) उरुळीच्या गीर कळपाचं नाव देशभर झालं.

आणि इथंच मणिभाईंपुढं पेच पडला. आश्रमातली गीर दूध देई, पण गावातल्या गाईचं काय? गावठी गाय लिटर-दीड लिटरावर अडलेली. कालवड पहिल्यांदा व्यायला चार-साडेचार वर्षं घेणार, दोन वेतांत दीड-दोन वर्षांचं अंतर. तोवर गव्हाणीत वैरण टाकायची ती कुणाच्या जिवावर? भूमिहीनाला आणि कोरडवाहूवाल्याला अशी गाय पोसणं म्हणजे घरातल्या पोरांच्या तोंडचं काढणं. चांगल्या संकरित कालवडीला नीट सांभाळलं तर ती अडीच-तीन वर्षांत विते आणि दिवसाला सात-आठ लिटर देते. हा हिशेब मणिभाईंना टाळता येईना. गांधीजींचा माणूस, गीरसाठी नावाजलेला, आणि तो होल्स्टीन-जर्सीच्या रेतनाची भाषा बोलू लागला. गोसेवेतल्या बऱ्याच मंडळींना हे पटलं नाही. मला विचाराल तर मणिभाईंच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट तुरुंग नव्हे, आपल्याच माणसांची ही नाराजी असणार.

१९६७ साली भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था त्यांनी उभी केली. राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. आपण तिला बायफ म्हणतो. परदेशातून जातिवंत वळू आणि गोठवलेलं रेत आलं, उरुळीला प्रयोगशाळा झाली. पण खरी युक्ती प्रयोगशाळेत नव्हती, ती रस्त्यावर होती. आठवा, पूर्वी गाय माजावर आली की तिला दावं लावून चार-पाच कोस दवाखान्यात न्यायची. एक दिवसाची मजुरी बुडाली. तिथं डॉक्टर दौऱ्यावर. तोवर माज सरला, की पुढचे एकवीस दिवस वाया. असे दोन-तीन माज हुकले की वर्षातले दोन महिने गाय फुकट खाते. मणिभाईंनी उलटं केलं. गायीनं जायचं नाही, माणसानं यायचं. दहा-पंधरा गावांमागे एक केंद्र, एक शिकवून तयार केलेला पोरगा, एक गाडी आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनचं भांडं. सकाळी माज दिसला तर निरोप धाडायचा, संध्याकाळपर्यंत गोठ्यातच गाय भरवायची. सुरुवातीला सहकारी साखर कारखान्यांनी आपल्या सभासदांसाठी अशी केंद्रं चालवायला पैसा दिला. आज हे आपल्याला नवल वाटत नाही, पण तेव्हा घरपोच सेवा म्हणजे फक्त पोस्टमन.

चाऱ्यासाठी त्यांनी सुबाभूळ आणली. बांधावर झपाट्यानं वाढणारं झाड, शेळ्या-गाई आवडीनं खातात. त्याचाही गवगवा झाला, आणि १९८८ च्या सुमारास आलेल्या किडीनं शेंडे जाळले तेव्हा टिंगलही झाली. ज्यांनी नुसती सुबाभूळच घातली त्यांच्या जनावरांचे केस गळाले. तिचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ द्यायचा नसतो. हे प्रत्येक गोठ्यापर्यंत पोचलं नाही, हा दोष कुणाचा ते सांगणं कठीण.

मणिभाईंना १९६८ साली पद्मश्री आणि १९८२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच १९८२ साली गुजरातेतल्या वांसद्यात त्यांनी आदिवासी कुटुंबांसाठी वाडीचा प्रयोग सुरू केला. एक एकर जागा, आंबा-काजूची कलमं, भोवती कुंपणाची झाडं, मधल्या जागेत भात-नागली-भाजी. कलमं फळं धरेपर्यंत घर चालेल अशी जोडणी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडं पुढं अशा वाड्या झाल्या, त्या तुमच्यापैकी कित्येकांनी बघितल्या असतील. १४ नोव्हेंबर १९९३ ला मणिभाई गेले.

त्यांचं सगळंच बरोबर ठरलं असं नाही, आणि आपल्या भागात हे बोलायलाच हवं. संकरित गोऱ्हा कुणाला नको असतो. त्याला वशिंड नाही, उन्हात धापा टाकतो, औताला आणि चिखलणीला चालत नाही. ट्रॅक्टर आले, २०१५ नंतर राज्यात बैल-गोऱ्ह्यांच्या कत्तलीलाही बंदी झाली, तेव्हापासून तो गोऱ्हा रात्री रस्त्यावर सुटलेला दिसतो. दुसरं, इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळी पट्ट्यातली आपली डांगी. तिच्या कातडीला तेलकटपणा असतो, पाऊस अंगावरून निथळून जातो. दूध वेताला चार-पाचशे लिटर, फार नाही. पण चार महिने पावसात भाताच्या खाचरात उभा राहणारा बैल तीच देते. त्या पट्ट्यात सरसकट होल्स्टीन भरवणं म्हणजे दगडी घराला पत्र्याचा पाया. मणिभाईंच्या मागे त्यांच्याच संस्थेनं डांगीच्या जतनाचंही काम हाती घेतलं.

देवळालीच्या बाजूला पाणी आहे, दारणाकाठी हिरवा चारा आहे, दुधाला गिऱ्हाईक दाराशी आहे. इथं संकरित गाय परवडते. पश्चिमेला डोंगराकडं सरकलात की हिशेब बदलतो. आता कालवडच व्हावी असं लिंगनिश्चित रेतही मिळतं. शंभरातल्या नव्वद वेळा तरी कालवड होते. त्यानं गोऱ्ह्याचा प्रश्न हलका होतो, डांगीचा होत नाही. ग्रामसेवक भाऊसाहेब आणि सरपंच मंडळी, ग्रामसभेत गोठ्याच्या अनुदानाची यादी वाचता तेव्हा कोणत्या वाडीवर कोणती जात चालते याची एक ओळ तिच्यात घाला. आणि घोटीच्या प्रदर्शनात डांगीचे वळू बांधलेले असतात, तिकडं जाल तेव्हा कोणत्या गाईच्या पोटचा हे मालकाला विचारा, आणि त्याच्याकडं वही आहे का तेही.